सुटा भाग मिळेना, रिसिव्हर बोलेना

रिसिव्हरची कळ दाबली की डायलमागचे दिवे उजळतात, काही सेकंदांनी आतून रिलेचा 'टक्' असा आवाज येतो आणि मग स्पीकर बोलू लागतात. १९७०च्या दशकातील जपानी स्टिरिओ रिसिव्हर ज्यांच्या घरी आहे, त्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. एके दिवशी दिवे लागतात, पण 'टक्' ऐकू येत नाही. दोनदा-तीनदा बंद-चालू करूनही यंत्र मुकेच राहते. कारागीर झाकण काढतो, मीटर लावतो आणि निदान सांगतो : पॉवर मॉड्यूल गेले. त्यामागून येणारे वाक्य अधिक जड असते : हे मॉड्यूल आता बनत नाही.

येथून पुढे मालकासमोर दोन वाटा उरतात असे त्याला वाटते. यंत्र भंगारात काढायचे, किंवा बाजारात त्याच क्रमांकाचे मॉड्यूल कुठे मिळते का, याचा शोध घेत राहायचे. प्रत्यक्षात तिसरीही वाट आहे आणि अनेकदा तीच अधिक खात्रीची ठरते. त्यासाठी मात्र त्या काळ्या चौकोनी तुकड्यात नेमके काय दडले आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.

रेडिओचा ट्यूनर, आवाज व सूर कमी-जास्त करणारे प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर चालविणारे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ही तिन्ही यंत्रे एकाच पेटीत बसविली की त्याला रिसिव्हर म्हणतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४मध्ये अ‍ॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजावी व जाहिरातीत कशी सांगावी, याचा नियम घालून दिला. त्यापूर्वी क्षणभरच टिकणाऱ्या शक्तीचे फुगविलेले आकडे सर्रास छापले जात. नियमानंतर अखंड मिळणारी शक्ती सांगणे भाग पडले आणि जपानी कंपन्यांमध्ये खऱ्याखुऱ्या वॉटची शर्यत जुंपली. पायोनिअरचा १९७८चा 'एसएक्स-१९८०' हा रिसिव्हर प्रत्येक चॅनेलला २७० वॉट देत असे. तो थोरामोठ्यांचा खेळ होता. सामान्य घरांत पोहोचला तो त्याच मालिकेतील 'एसएक्स-७८०', चॅनेलमागे ४५ वॉटचा. या मधल्या फळीतील यंत्राची किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी पायोनिअरने पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा अखेरचा टप्पा सुट्या ट्रान्झिस्टरांतून न बांधता तयार मॉड्यूलमधून घेतला. प्रत्येक चॅनेलला एक याप्रमाणे 'एसटीके-००५०' या क्रमांकाची दोन मॉड्यूल त्यात बसविलेली असतात.

एकट्या पायोनिअरचीच ही गोष्ट नव्हे. 'एसटीके' हा सान्यो कंपनीच्या संकरित मंडलांचा शिक्का. १९७०च्या दशकापासून पुढे अनेक जपानी कंपन्यांच्या रिसिव्हरांत, टेपडेकसह येणाऱ्या म्युझिक सिस्टिमांत आणि अ‍ॅम्प्लिफायरांत ही मॉड्यूल बसत गेली.

तुकड्याच्या पोटात

मॉड्यूलला 'संकरित' म्हणण्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. नेहमीच्या आयसीत सगळे मंडल सिलिकॉनच्या एकाच चिपवर कोरलेले असते. येथे तसे नसते. खाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर विद्युतरोधी पातळ थर, त्या थरावर तांब्याच्या वाटा आणि त्या वाटांवर ट्रान्झिस्टरच्या उघड्या चिपा, रोधक वगैरे घटक चिकटविलेले असतात. चिपा केसासारख्या बारीक तारांनी एकमेकींना जोडतात आणि वरून प्लॅस्टिकचे झाकण बसवितात. एका कडेने पिनांची रांग बाहेर काढलेली असते. पाठीमागची पट्टी हीटसिंकवर स्क्रूने आवळली की काम झाले. कारखान्यात जुळणी करणाऱ्याला ट्रान्झिस्टरांच्या जोड्या लावाव्या लागत नाहीत आणि अभ्रकाचे तुकडेही ठेवावे लागत नाहीत, कारण पट्टी आतूनच विद्युतरोधित असते.

या मॉड्यूलचे ढोबळमानाने दोन वंश आहेत. 'एसटीके-००५०' पहिल्या वंशातले. त्यात केवळ अखेरचा, म्हणजे स्पीकरला प्रवाह पुरविणारा टप्पा असतो. एका ट्रान्झिस्टरने दुसऱ्याला चालवायचे, अशी ही जोडणी आहे. बेल प्रयोगशाळेतील सिडनी डार्लिंग्टन यांनी ती शोधली व १९५३मध्ये तिचे पेटंट मिळविले; म्हणून तिला डार्लिंग्टन जोडी म्हणतात. व्होल्टेज वाढविण्याचे काम मॉड्यूलच्या बाहेर, रिसिव्हरच्या मूळ पट्टीवरच होते. दुसऱ्या वंशातील मॉड्यूलमध्ये मात्र जवळजवळ संपूर्ण अ‍ॅम्प्लिफायर सामावलेला असतो. कॅसेटच्या जमान्यात महाराष्ट्रातील गल्लोगल्लीच्या अ‍ॅम्प्लिफायरवाल्यांना '४१४१' आणि '४१९१' हे आकडे घरच्या माणसांच्या नावांसारखे ठाऊक होते. ती दोन चॅनेलची 'एसटीके' मॉड्यूल याच दुसऱ्या वंशातली. दुरुस्तीचा मार्ग ठरतो तो तुकडा कोणत्या वंशातला आहे यावरून, आणि नेमके हेच तपासण्यापूर्वी बरेच जण पैसे खर्च करून बसतात.

मॉड्यूल मरते ते बहुधा उष्णतेमुळे. यंत्र तापते, निवते, पुन्हा तापते. अ‍ॅल्युमिनियम, तांबे आणि सिलिकॉन प्रत्येक वेळी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत आतले सांधे तडकतात. हीटसिंक आणि पट्टी यांच्यामधली पांढरी पेस्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षांत खडूसारखी कोरडी होते आणि उष्णता बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. त्यातच स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटल्या, तर क्षणात खेळ आटोपतो.

सुट्या ट्रान्झिस्टरांच्या यंत्रात अशा वेळी गेलेला ट्रान्झिस्टर बदलता येतो. मॉड्यूलमध्ये एक चिप गेली की अख्खा तुकडा गेला. बहुतेकदा ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो आणि पुरवठ्याचे थेट व्होल्टेज आउटपुटवर येते. मुका राहिलेला रिले हा त्या वेळचा पहारेकरी असतो. तो स्पीकरची वाट मोकळी करीत नाही, म्हणूनच स्पीकर वाचतात. रिलेचे संपर्क जळून चिकटलेले असतील, तर साधारण ३५ व्होल्ट थेट वूफरच्या सहा ओहमच्या वेटोळ्यावर येतात. हिशेब केला तर ती सुमारे २०० वॉटची शेगडीच झाली. मुक्या रिसिव्हरचा रिले जोडतारेने वळसा घालून 'चालतो का पाहू' म्हणणाऱ्यापासून म्हणूनच यंत्र दूर ठेवावे.

मूळ कंपनीच राहिली नाही

सान्योची स्थापना १९४७ची. तोशिओ इउए हे मात्सुशिता कंपनीचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांचे मेहुणे. त्यांनी वेगळे होऊन हा उद्योग उभारला. ऑक्टोबर २००४मध्ये निगाता प्रांतात झालेल्या भूकंपात ओजिया येथील तिच्या सेमीकंडक्टर कारखान्याचे मोठे नुकसान झाले आणि आधीच अडचणीत आलेली कंपनी आणखी खचली. डिसेंबर २००९मध्ये तिचे बहुसंख्य समभाग पॅनासॉनिकने, म्हणजे जुन्या मात्सुशितानेच, घेतले. सेमीकंडक्टरचा व्यवसाय जानेवारी २०११मध्ये अमेरिकेच्या ऑन सेमीकंडक्टरकडे गेला. घरगुती ध्वनियंत्रांचा बाजार एव्हाना छोट्या, कमी तापणाऱ्या 'क्लास डी' चिपांकडे वळला होता. १९७०च्या दशकातील क्रमांकांचे उत्पादन तर त्याच्या कितीतरी आधीच थांबले होते.

तरीही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा परदेशी विक्रेत्यांकडे 'एसटीके' लिहिलेले कोरे करकरीत तुकडे दिसतात. त्यांत जुन्या साठ्यातील अस्सल माल अधूनमधून असतोही. परंतु बराचसा माल नकली असतो. कमी ताकदीच्या मॉड्यूलवरील छपाई पुसून मोठा क्रमांक छापायचा, किंवा त्याच आकाराच्या आवरणात लहान चिपा भरायच्या, या त्याच्या दोन प्रचलित तऱ्हा. विकणारा दुकानदार दर वेळी लबाड असतोच असे नाही. त्यालाही वरून तेच आलेले असते.

नकली माल बाहेरून ओळखणे कठीण. अस्सलाच्या तुलनेत हलके वजन, पातळ पट्टी, बोटाने पुसली जाणारी अक्षरे ही चिन्हे संशयाला पुरेशी आहेत. ज्या क्रमांकाचे उत्पादन कित्येक वर्षांपूर्वी बंद झाले, त्याचा चमचमीत नवा साठा शेकड्यांनी आणि तोही स्वस्तात उपलब्ध असेल, तर अधिक पुराव्याची गरज नाही. मीटरने पिनांमधील रोध तपासला तर तुकडा शॉर्ट आहे की नाही, एवढेच कळते. आतली चिप किती प्रवाह पेलेल, ते कळत नाही. ते कळते तेव्हा आवाज वाढविलेला असतो, आणि मग मॉड्यूलसोबत स्पीकरही जाण्याचा धोका असतो. नकली मॉड्यूल लगेच जळाले तर ते उलट बरे म्हणावे. हळू आवाजात महिनाभर चालणारे अधिक फसवे, कारण तोवर सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसलेला असतो.

दुसऱ्या वंशातील मॉड्यूलच्या बाबतीत घराण्यातल्या घराण्यात अदलाबदल करण्याची सोय आहे. '४१४१'च्या मालिकेतील मॉड्यूल सान्योने मुद्दाम एकसारख्या पिनांची केली होती. ताकद वेगळी, जागा तीच. क्रमांकानंतरच्या रोमन अक्षरांतही अर्थ आहे : 'दोन' असेल तर विरूपणाची मर्यादा ०.४ टक्के, 'पाच' असेल तर ०.०८ टक्के. त्यामुळे २५ वॉटच्या जागी त्याच मालिकेतील मोठे मॉड्यूल चालू शकते. उलट दिशेने मात्र कदापि जाऊ नये. मोठ्या यंत्राचा पुरवठा लहान मॉड्यूलला झेपत नाही. आणि अस्सल-नकलीचा प्रश्न येथेही पाठ सोडत नाही.

सुट्या भागांतून नवे मॉड्यूल

तिसरी वाट ती हीच. मॉड्यूलच्या पोटातले मंडल सान्योच्या माहितीपत्रकात छापलेले आहे. त्यात गूढ काही नाही. पहिल्या वंशातील तुकडा म्हणजे मोजके ट्रान्झिस्टर आणि काही रोधक. तेच मंडल आज उत्पादनात असलेल्या ट्रान्झिस्टरांतून छोट्या पट्टीवर बांधायचे आणि पट्टीच्या पिना मूळ भोकांत बसवायच्या. रिसिव्हरची मूळ पट्टी कापावी लागत नाही, आणि उद्या एखादा ट्रान्झिस्टर गेला तर तेवढाच बदलता येतो. जो गुण मॉड्यूलने काढून घेतला होता, तो असा परत मिळतो. ऑन सेमीकंडक्टरची 'एमजेएल-३२८१ए' व 'एमजेएल-१३०२ए' ही जोडी किंवा तोशिबाची 'टीटीसी-५२००' व 'टीटीए-१९४३' ही जोडी ४५ वॉटसाठी पुरून उरते. त्यांच्याही नकला बाजारात आहेत, हे विसरू नये; परंतु हे भाग चालू उत्पादनातले असल्याने अधिकृत वितरकाकडून पावतीसह घेता येतात. जुन्या मॉड्यूलबाबत ती सोयच नाही.

बांधणीत खरी परीक्षा असते ती बायसची. वर्ग 'एबी'च्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गाणे सुरू नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून थोडा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. तो अगदीच कमी असेल तर हळू आवाजात स्वर खरखरीत होतात. जास्त असेल तर ट्रान्झिस्टर उगाच तापतात, आणि येथेच गोम आहे. ट्रान्झिस्टर तापला की त्याच्या बेस-एमीटर सांध्याला लागणारे व्होल्टेज दर अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्टने घटते. तेच व्होल्टेज कायम दिले तर प्रवाह वाढतो, वाढलेल्या प्रवाहाने ट्रान्झिस्टर आणखी तापतो, त्यामुळे प्रवाह पुन्हा वाढतो. चार सांध्यांच्या जोडणीत ४० अंशांच्या तापमानवाढीला हा फरक सुमारे ३२० मिलिव्होल्ट होतो. त्याकडे दुर्लक्ष केले तर यंत्र स्वतःच स्वतःला जाळते.

यावर उपाय म्हणजे तापमान 'जाणणारा' बायस ट्रान्झिस्टर. हीटसिंक जसा तापेल तसे तो बायसचे व्होल्टेज खाली आणतो. मॉड्यूलमध्ये सर्व चिपा एकाच अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर असल्याने ही जाणीव चटकन पोहोचते. सुट्या भागांची बांधणी करणारा नवशिका हा ट्रान्झिस्टर पट्टीवर मोकळ्या हवेत सोडून देतो. टेबलावर अर्धा तास सगळे सुरळीत चालते, बंद कपाटात एका संध्याकाळी धूर निघतो. बायस ट्रान्झिस्टर हीटसिंकला किंवा थेट आउटपुट ट्रान्झिस्टरच्या पाठीला घट्ट टेकलेलाच हवा. या बाबतीत सबब चालत नाही.

आणखी दोन फरक लक्षात ठेवावे लागतात. मॉड्यूलची पाठ विद्युतरोधित होती. सुट्या ट्रान्झिस्टरची पाठ हा त्याचा कलेक्टर असतो. अभ्रक किंवा सिलिकॉनची चकती विसरली, तर पुरवठा थेट हीटसिंकला आणि पर्यायाने सांगाड्याला टेकतो. दुसरे असे की, आजचे ट्रान्झिस्टर जुन्या चिपांहून बरेच चपळ आहेत. जुन्या मंडलात ते कानाला न कळणाऱ्या उच्च वारंवारतेवर आपणहून आंदोलने करू लागतात. तारा आखूड ठेवणे, बेसला छोटे रोधक जोडणे आणि शेवटी ऑसिलोस्कोपवर लाट पाहणे, हे केल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणता येत नाही.

मग एवढी यातायात कशाला, 'एलएम-३८८६'सारखी तयार चिप का बसवू नये, असा प्रश्न अनेक जण विचारतात. दुसऱ्या वंशातील मॉड्यूल गेले असेल तर हा पर्याय रास्त आहे. ही चिप संपूर्ण अ‍ॅम्प्लिफायर आहे, तिच्यात संरक्षणाची व्यवस्थाही आहे. मात्र सिग्नल चालू असताना तिला दोन्ही बाजू मिळून कमाल ८४ व्होल्ट चालतात. रिसिव्हरचा पुरवठा अधिक-उणे ३८ व्होल्ट असेल, तर बेरीज ७६ होते. घरातील वीज दहा टक्क्यांनी चढली की मर्यादा गाठलीच. 'एसएक्स-७८०'सारख्या यंत्रात तर ती सरळ बसतही नाही. तेथे मॉड्यूलच्या आधीचे मंडल व्होल्टेज वाढवून देते आणि त्यापुढे पुन्हा पूर्ण अ‍ॅम्प्लिफायर जोडण्यात अर्थ नसतो.

स्वस्त 'क्लास डी' पट्ट्यांचा मोह त्याहून मोठा आहे. त्या फारशा तापत नाहीत, जागाही थोडी घेतात. पण रिसिव्हरच्या पेटीत रेडिओही आहे. या पट्ट्या सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतात आणि ही वारंवारता व तिच्या पटी मध्यम लहरींच्या पट्ट्यातच पडतात. अ‍ॅम्प्लिफायर सुधारला आणि आकाशवाणीवर शिट्टी वाजू लागली, असा तो व्यवहार ठरू शकतो.

वीज देण्यापूर्वी

कोणताही पर्याय निवडला, तरी जुने मॉड्यूल का गेले याचे उत्तर मिळेपर्यंत नवे बसवू नये. मॉड्यूल जाताना शेजारचे रोधक आणि आधीच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर घेऊन जाते. कधी उलटेही घडते : आधीच्या टप्प्यातला एखादा सांधा सुटतो, बायसचा गंजलेला प्रीसेट दगा देतो आणि बळी मॉड्यूलचा जातो. दोन्ही चॅनेलची तुलना हे येथील सर्वांत स्वस्त साधन. एक बाजू जिवंत असेल तर तिची मोजमापे मेलेल्या बाजूशी ताडून पाहावीत.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डमधून. ६० किंवा १०० वॉटचा साधा, तारेचा बल्ब यंत्राशी ओळीने जोडला की, शॉर्ट असल्यास बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि यंत्र बचावते. सारे ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. एलईडी बल्ब या कामी निरुपयोगी आहे, त्यामुळे अडगळीतला जुना बल्ब जपून ठेवणारा कारागीर शहाणा. अमेरिकेहून आलेला संच असेल तर तो १२० व्होल्टचा आहे का, हेही याच वेळी मागच्या पट्टीवर पाहावे. पुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरांत यंत्र बंद केल्यावरही भार उरतो. तो रोधकातून उतरविल्याखेरीज आत हात घालू नये. ज्याला २३० व्होल्टजवळ काम करण्याची सवय नाही, त्याने हे काम जाणकारावर सोपवावे.

त्यानंतर स्पीकर न जोडता दोन मोजमापे घ्यायची. आउटपुटवर थेट व्होल्टेज शून्याच्या आसपास, काही दहा मिलिव्होल्टच्या आतच हवे. मग बायस. सेवापुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानायचा. समजा एमीटरचा रोधक ०.२२ ओहम आणि हवा असलेला प्रवाह २५ मिलिअँपिअर असेल, तर त्या रोधकावर ५.५ मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. सुरुवातीला प्रीसेट किमान प्रवाहाच्या टोकाला ठेवून हळूहळू वर न्यावा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजावा, झाकण लावून आणखी एकदा. पहिल्या दिवशी जोडायचे स्पीकर गमावले तरी चालतील असे असावेत.

मूळपणाचा आग्रह धरणाऱ्या संग्राहकांना ही शस्त्रक्रिया रुचत नाही. त्यांच्या दृष्टीने क्रमांक बदलला की यंत्राचे मोल घटते. दुर्मिळ, अव्वल यंत्राबाबत तो युक्तिवाद समजण्यासारखा आहे, पण तशा यंत्रांत बहुधा सुटे ट्रान्झिस्टरच असतात. मॉड्यूलवाला रिसिव्हर मुळात रोज ऐकण्यासाठी घेतलेला. त्याचा ट्यूनर, जड ट्रान्सफॉर्मर, डायलची चक्री हे सारे धडधाकट असताना हाताच्या पंजाएवढ्याही नसलेल्या तुकड्यापायी ते भंगारात जाणे, किंवा नकली तुकड्यापायी स्पीकर जळणे, यापेक्षा बदललेला क्रमांक बरा.

काढलेले मॉड्यूल चांगले कारागीर फेकून देत नाहीत. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, नव्या पट्टीवरील पिनांचा नकाशा, वापरलेल्या ट्रान्झिस्टरांचे क्रमांक आणि बायसचा आकडा लिहिलेल्या चिठ्ठीसह पेटीच्या तळाशी, हीटसिंकपासून दूर चिकटवून ठेवतात. वीस वर्षांनी झाकण उघडणाऱ्याला मंडल नव्याने उकलत बसावे लागू नये, यासाठी.